कापगते सरांचा जीआर-सप्ताह

सप्ताह म्हटला की पोथी आली, वीणा आली, शेवटच्या दिवशी काला आला. आमच्याकडेही हे सगळं असतं. फक्त चौरंगावरच्या लाल कापडात पोथी नसते, शासन निर्णय असतो. कोपऱ्यात स्टेपल केलेला, खाली अवर सचिवाची सही असलेला अस्सल सरकारी जीआर. त्याला झेंडूचा हार घातलेला असतो, समोर उदबत्ती लावलेली असते, आणि मागे मांडी घालून बसलेला एक किडकिडीत माणूस खणखणीत आवाजात वाचत असतो. ‘सदर योजनेचा लाभ घेऊ इच्छिणाऱ्या विद्यार्थ्याने…’ एवढं वाचून तो थांबतो, चष्मा कपाळावर चढवतो आणि समोर बसलेल्या मायबापांकडे बघून म्हणतो, “आता याचं निरूपन.”

मग निरूपण सुरू होतं.

“‘अनुज्ञेय’ म्हंजे भेटते. ‘अनुज्ञेय राहणार नाही’ म्हंजे भेटत नाही. साऱ्या जीआरमंधी दोनच गोष्टी असतात बापा, भेटते आन् भेटत नाही. बाकी सारी सजावट आहे. ध्यानात आलं का जी?”

समोरचे म्हातारे हात जोडतात. एका बाईनं तर अवर सचिवाचं नाव आलं तेव्हा जमिनीला डोकं टेकवलं होतं, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय.

हे कापगते सर. देवरीहून चिचगडकडे जाताना जंगल सुरू होतं तिथं एक आश्रम आहे, त्या आश्रमाच्या ट्रस्टचं छोटंसं कॉलेज आहे, आणि त्या कॉलेजात सर दर्शनशास्त्र शिकवतात. शिष्यवृत्तीचं काम त्यांना कोणी दिलेलं नाही. त्यांनी ते घेतलं, आणि घेतल्यावर कोणाला परत मागायची हिंमत झाली नाही.

मी कॉलेजच्या फाटकासमोरची ऑनलाइनवाली. नाव संध्या. माहेर गोंदिया शहरातलं, त्यामुळे राग आला की मी हिंदीत येते. कॉम्प्युटर, प्रिंटर, स्कॅनर, फोटो काढायला निळा पडदा आणि एक लॅमिनेशनची मशीन एवढा माझा संसार. त्यातली ती मशीन गेली कित्येक वर्षं जुन्या चादरीखाली झोपलीय, आणि ती कापगते सरांनी झोपवली.

झालं असं की मी मशीन नवी आणली आणि दुकानाबाहेर पाटी लावली. दुसऱ्या दिवशी सरांनी प्रार्थनेनंतर सगळ्या पोरांना सांगून टाकलं की मूळ दाखल्याला लॅमिनेशन करणं म्हणजे त्याचा गळा आवळणं आहे, कागदाला श्वास लागतो, आणि साहेब लोक गुंडाळलेला दाखला हातात घेत नाहीत. शेवटचा मुद्दा खरा होता, म्हणून मी जास्त भांडू शकले नाही. पण एवढी महागाची मशीन! मी सरांना म्हटलं, सर, मेरे पेट पे लात मत मारो. ते शांतपणे म्हणाले, “बाई, तुमी चाराने जास्त घ्या झेरॉक्सचे, पन कागदाले मारू नका.” असल्या माणसाशी भांडायचं तरी कसं?

कागदांचं त्यांना वेडच आहे. लग्नात गेले की नवरदेवाच्या हातावर पाकीट ठेवतात आणि त्याच्या कानात विचारतात, लग्नाची नोंदणी करून राहिला न? बारशात बाळाच्या नावाआधी जन्माचा दाखला. एकदा एका मयतीच्या घरी गेले होते, तिथं ते बराच वेळ गप्प बसले, तेव्हा मला वाटलं सुटलो बापा. पण उठता उठता त्यांनी थोरल्या मुलाच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले की दाखला एकवीस दिवसांच्या आत मोफत निघते. त्या मुलाला रडावं की आभार मानावे कळेना. त्यानं आभार मानले.

रस्त्यात भेटले तर नमस्कार नाही, रामराम नाही. “कोनता फॉर्म?” हीच त्यांची विचारपूस. फॉर्म नाही म्हटलं तर चेहरा पडतो.

आता तुम्ही म्हणाल, शिष्यवृत्ती समजावून सांगायला सप्ताह कशाला? अर्ज भरायला माझ्या दुकानात तासभर लागतो, तोही लाइन गेली नाही तर. मलाही हाच प्रश्न होता. पण आधी आमच्याकडची माणसं कशाला घाबरतात ते ऐका, मग बोला.

आश्रमाची स्वतःची मदत आहे. ज्याची परिस्थिती नाही त्याला जेवण आणि राहणं फुकट. बदल्यात पहाटेची प्रार्थना आणि आठवड्यातून एकदा गोशाळेतलं शेण काढायचं. एवढं साधं असूनही पहिल्या वर्षी कोणी अर्जच करेना. का, तर गावागावात पसरलं होतं की आश्रमाचं अन्न खाल्लं की पोरगा बुवा होतो. केशोरीकडचे एक गृहस्थ खास बस बदलून आले आणि त्यांनी सरांना बाजूला घेऊन विचारलं, की टकली पहिल्या वर्षी करा लागते का तिसऱ्या? सरांनी त्या भीतीवर सप्ताहाचा अख्खा दिवस खर्च केला. शेवटी आश्रमातून शिकून बाहेर पडलेला, आता बिरसीच्या विमानतळावर नोकरी करणारा, डोक्यावर भरघोस केस असलेला एक माजी विद्यार्थी आणून सभेत उभा केला. लोकांनी त्याचे केस ओढून पाहिले.

सरकारी शिष्यवृत्तीची भीती निराळी. सरकारकडून पैसे घेतले की सातबाऱ्यावर बोजा चढतो, ही आमच्याकडची पक्की समजूत. पैसे बँकेच्या खात्यात आले म्हणजे ते कर्जच, दुसरं काय असणार? उद्या साहेब येईल, धानाची बांधी मोजेल, शेताच्या धुऱ्यावर खुंटी ठोकेल. काही बाप लोक पोरांना सांगायचे की फॉर्म भर पण आधार नंबर चुकीचा टाक. सर त्यांना रागवत नाहीत. पुन्हा पुन्हा एकच सांगतात. उधारी म्हंजे वापस द्या लागते. शिष्यवृत्ती म्हंजे वापस द्या लागत नाही, फक्त पोरानं शाळेत जा लागते. ज्याले हे दोन वाक्यं समजले त्यानं घरी जावं, बाकीच्यानं बसावं. कोणीच उठत नाही, कारण मग मुरमुरे आणि चहा येतो.

तरीही सात दिवस जास्तच होतात. मी सरांना विचारलं होतं, एकदा नाही, दर वर्षी. एकदा म्हणाले सात सूर असतात. एकदा म्हणाले सर्व्हर सात दिवसांनी चालू होतो. एकदा तर म्हणाले की बाई, तुमच्या दुकानात गर्दी नको व्हायला म्हणून हप्त्याने देतो. मी हसून सोडून दिलं. पण मला चैन पडत नव्हती. कॉलेजातले बाकीचे प्राध्यापक अर्जाची मुदत संपली की सुटकेचा श्वास टाकतात. आणि हा माणूस काल्याच्या दुसऱ्या दिवशी माझ्या दुकानासमोरच्या बाकावर येऊन बसतो, तोंड उतरलेलं, जणू घरातलं लग्न उरकलंय. मी विचारलं काय झालं, तर म्हणतात काही नाही जी, आवाज बसला.

ज्या वर्षाची ही गोष्ट, त्या वर्षी सप्ताह धान कापणीच्या दिवसांत आला. सरांनी हिशेब असा बसवला होता की काला आणि अर्जाची शेवटची तारीख एकाच दिवशी यावी. पाचव्या दिवशी सकाळी रोशनी कुंभरे तिच्या आईला घेऊन माझ्या दुकानात आली.

रोशनी पहिल्या वर्षाला होती. चिचगडच्या पलीकडे जंगलाला लागून तिचं गाव. वडील नाहीत. आई सगनाबाई मोहफुलं वेचते, तेंदूपत्त्याला जाते, दुसऱ्याच्या शेतात रोवणी-कापणी करते. रोशनीला मास्तरीण व्हायचं होतं आणि ती आत्तापासूनच मास्तरणीसारखी बोलायची. शिष्यवृत्ती मिळाली तर तिची फी सुटत होती. नाही मिळाली तर वर्षाची फी भरणं त्या दोघींच्यानं होणार नव्हतं, आणि सगनाबाईनं सगळ्यांना आधीच सांगून ठेवलं होतं की नाही जमलं तर पोरीले घेऊन जातो. गावात मामानं एक स्थळ पाहून ठेवलं होतं. रोशनी त्या स्थळाचं नावसुद्धा घेत नव्हती.

सगनाबाईनं नव्या कोऱ्या लाल फडक्याची गाठ सोडली. आतून जातीचा मूळ दाखला काढला. जुना, हातानं लिहिलेला, तहसीलचा गोल जांभळा शिक्का मारलेला. आणि त्या शिक्क्यावर, बरोब्बर शिक्क्यावर, ओल्या हळदीची पाच बोटं उमटलेली. वर दोन अक्षता चिकटलेल्या.

मी कपाळावर हात मारला.

सगनाबाई मात्र खूश होती. ती चार दिवस पहिल्या रांगेत बसून सगळं ऐकत होती. सर म्हणाले होते हे कागद तुमच्या पोरीची पोथी आहे, तिले जपा. आता पोथी म्हटलं की उघडायच्या आधी हळद लावायची, हे कोणी शिकवावं लागतं का? तिनं पहाटे आंघोळ केली, हळद उगाळली, जिथं देवाचं चिन्ह दिसलं तिथं बोटं लावली. गोल शिक्क्यात मधोमध सिंह होते, ते तिला देवच वाटले.

रोशनी आईकडे बघत राहिली आणि म्हणाली, “आई, त्या कागदाचं लगन होतं का वो?”

मी तरी स्कॅन करून पाहिला. पडद्यावर शिक्क्याच्या जागी चिखलाचा गोळा आला. अक्षर म्हणून दिसेना. झेरॉक्स होती रोशनीकडे, पण पोर्टलला मूळ कागदाचाच रंगीत स्कॅन लागतो, शिक्का वाचता आला पाहिजे, नाही तर अर्ज परत. नवीन दाखला काढायचा तर वडिलांचे, आजोबांचे कागद शोधा, तहसीलला चकरा मारा. हातात तो दिवस धरून तीन दिवस. रोशनीचे डोळे भरले आणि ती भिंतीकडे तोंड करून उभी राहिली. सगनाबाईला काय झालं ते हळूहळू कळलं. तिनं ते लाल फडकं हातात घट्ट पिळून धरलं आणि खाली बसली.

मी सरांना बोलावून आणलं. त्यांनी दाखला हातात घेतला, चष्मा वर केला, खाली केला. मला वाटलं आता कागदाला श्वास लागतो वगैरे ऐकवतील, मग मी पण लॅमिनेशनचं ऐकवीन. जिभेवरच होतं माझ्या. प्लास्टिकमध्ये असता तर हळद पुसून निघाली असती. पण त्यांचा चेहरा पाहिला आणि मी गिळून टाकलं. ते सगनाबाईसमोर उकिडवे बसले.

“बाई, तुमी काही चुकल्या नाही. पोथी म्हना म्हनून मीच सांगतलं. चूक मायी आहे.”

असं म्हणून ते उठले, सप्ताह बसला होता त्या कॉलेजच्या हॉलमध्ये गेले, चौरंगावरचा जीआर उचलला, हार काढला आणि जमलेल्या लोकांना सांगितलं की सप्ताह इथंच संपला, ज्याचा फॉर्म राहिला त्यानं संध्याबाईकडे जावं. लोक थोडा वेळ बसले, मग कापणी खोळंबली होती म्हणून आपापल्या गावाला गेले.

इकडे मी डोकं चालवत होते. हळद… हळद. आमच्याकडे लग्नात हळद खेळतात, साड्या पिवळ्याधमक होतात, साबणानं जात नाही, लिंबानं जात नाही. मग काय करतो आपण? मी आणि सगनाबाईनं एकदमच एकमेकींकडे बघितलं. “उन्हात,” ती म्हणाली. मीही तेच म्हणणार होते. हळदीचा डाग ऊन खातं. दिवाळीनंतरचं कोरडं ऊन असेल तर दोन दिवसांत साडी होती तशी.

सरांना सांगितलं तर ते हरखले, आणि लगेच पुन्हा काळजीत पडले. ऊन हळद खाईल, पण शाई सोडेल का? शिक्क्याची शाईही उन्हात उडते. हळद जायच्या आधी तहसीलदार गेला तर काय करता? प्रश्न बरोबर होता. तेव्हा आधी परीक्षा घ्यायची ठरली. माझ्या दुकानाचा शिक्का एका जुन्या कागदावर मारला, सगनाबाईकडून त्यावर हळदीची बोटं उमटवून घेतली आणि कागद दुकानाच्या पत्र्यावर ठेवला. दुपार कलेपर्यंत हळद निम्मी उतरली होती आणि शिक्का तसाच होता. मी टाळ्या वाजवल्या. सर म्हणाले, “तुमचा शिक्का तरणा आहे बाई. हा म्हातारा आहे. याचं काही सांगता येत नाही.”

पण दुसरा मार्ग नव्हता. कॉलेजच्या मैदानात, झाडांच्या सावलीपासून दूर, सतरंजी अंथरली. तिच्यावर पाट, पाटावर दाखला, दाखल्यावर माझ्या काउंटरची काढून दिलेली काच, काचेच्या चार कोपऱ्यांवर विटा. आणि बाजूला हातात काठी घेऊन कापगते सर.

काठी माकडांसाठी. आश्रमात माकडं फार, आणि त्यांना वाटलं पाटावर नैवेद्य आहे. कडेला बसून वाट बघायची. सरांनी काठी आपटली की चार पावलं मागे, पुन्हा पुढे. प्राचार्य बाहेर आले, हे सगळं पाहिलं, काही विचारावं की नाही या विचारात थोडा वेळ उभे राहिले आणि न विचारताच आत गेले. सरांचा तास होता तर त्यांनी पोरांनाच मैदानात बोलावलं. जगातली प्रत्येक गोष्ट क्षणोक्षणी बदलते हा विषय होता. दर दोन वाक्यांनी सर काच उचलायचे, कागदावर वाकायचे, “अजून आहे” म्हणायचे आणि पुढे शिकवायला लागायचे. काय आहे, हळद की शिक्का, ते पोरांना कळायचं नाही. पोरांनी वहीत तसंच लिहून घेतलं असेल.

मी चहा घेऊन गेले. त्यांचं नाक आणि कपाळ लाल झालं होतं. मी म्हटलं सर, छत्री आणते. नको म्हणाले, सावली कागदावर पडंल. मी म्हटलं, रोशनीला बसवा थोडा वेळ, तुम्ही आत जा. तर म्हणाले की तिनं अभ्यास करावा, तिची वेळ वाया जाऊ नये, माया वेळेले काय होते. हे त्यांनी इतकं सहज म्हटलं की तेव्हा मी त्याच्याकडे लक्षच दिलं नाही.

तिसऱ्या दिवशी दुपारी हळद ओळखू येईना. थोडा मळकट डाग राहिला होता, बस. शिक्काही फिकटला होता, कडेची एक-दोन अक्षरं अर्धी गेली होती, पण ‘तहसीलदार’ वाचता येत होतं, सिंह होते. सरांनी काच उचलली आणि कागद दोन्ही हातांनी आणून माझ्या स्कॅनरवर ठेवला. आम्ही चौघं पडद्याकडे बघत होतो. लाइन होती, सर्व्हर चालू होता, आणि अर्ज एकदाचा घेतला गेला. रोशनीनं खुर्चीच्या पाठीवर डोकं ठेवलं. सगनाबाईनं माझ्या कॉम्प्युटरला हात लावायला बोट उचललं, तेव्हा मी, सर आणि रोशनी तिघंही एकदम नको म्हणालो.

अर्ज घेतला गेला म्हणजे मंजूर झाला असं नाही. पुढे छाननी असते. त्या फिकट शिक्क्याकडे बघून कोण काय म्हणेल याचा नेम नव्हता. सर रोज माझ्या दुकानात यायचे. मी न विचारता साइट उघडून दाखवायचे. ‘प्रलंबित’. ते मान हलवायचे आणि जायचे. पुढच्या वर्षी सप्ताह करणार नाही, असं त्यांनी प्राचार्यांना लिहूनही दिलं होतं म्हणे. मला वाईट वाटलं. हो, माझ्या धंद्याला बरंच झालं असतं, पण वाईट वाटलं ते वाटलं.

मोहाची फुलं गळायला लागली त्या दिवसांत एका सकाळी पडद्यावर ‘मंजूर’ आलं. मी दुकान उघडं टाकून मैदानातून पळत गेले. सर वर्गात होते. दारातूनच सांगितलं. ते फळ्याकडे वळले आणि बराच वेळ पुसलेलाच फळा पुसत राहिले.

त्याच आठवड्यात सगनाबाई आली. सरले आन् तुमाले जेवाले बलावलं, रविवारी या म्हणाली. तुमची काच होती न. मी तिला बाजूला घेतलं आणि समजावलं की बाई, सर कोणाच्या घरी जेवत नाहीत. आश्रमातला माणूस, सोवळं-ओवळं असेल, व्रत असेल. आम्ही कोणी त्यांना कधी बोलावत नाही. उगाच नाही म्हणतील आणि तुला लागेल. सगनाबाई म्हणाली, विचारून तं पाहतो. गेली, विचारलं, आणि सर हो म्हणाले. मी चाटच पडले.

रविवारी माझ्या स्कूटीवर मागे सर. दोन्ही हातांनी त्यांनी गाडीचं मागचं कडं असं धरलं होतं की मला वळण घेता येईना. चिचगड गेलं, पुढे जंगलातला रस्ता, मग तिचं घर. शेणानं सारवलेलं अंगण. सगनाबाईनं आश्रमाचे सर म्हणून सोवळ्याचा स्वयंपाक केला होता, भात, तुरीचं वरण, वांग्याची भाजी, आंब्याची चटणी. सर बसले, जेवायला लागले. पण त्यांचं लक्ष आतल्या चुलीकडे जात होतं. तिथं एक झाकलेलं गाडगं होतं आणि त्याचा वास मलाही येत होता.

“त्याच्यात काय शिजून राहिलं?” सरांनी विचारलं.

सगनाबाई लाजली. घरच्यासाठी बोडीच्या, म्हणजे शेताजवळच्या लहान तळ्यातल्या, मासोळ्या केल्या होत्या. तुमाले चालत नसन म्हनून झाकल्या, म्हणाली. सर म्हणाले, “चालते नं. वाढा.”

मी घास हातात तसाच धरून बघत राहिले. सर मासोळ्या खात होते, काटे बोटांनी हलकेच काढत, रस्सा भातावर ओतून घेत. दुसऱ्यांदा मागून घेतला. त्यांचं गाव तलावाचं, आजोबा-पणजोबांनी गावचा तलाव बांधलेला, लहानपणी रोज हेच असायचं, असं त्यांनी खाता खाता सांगितलं. आई गेली, भाऊ वेगळे झाले, लग्न राहून गेलं. मग इकडे नोकरी लागली, आश्रमाच्या भोजनगृहात ताट मिळत गेलं.

मी न राहवून म्हटलं, सर, आम्हाला वाटायचं तुम्ही कोणाकडे जेवत नाही.

“जेवतो न,” ते म्हणाले. “मले कोनी बलावलंच नाही.”

मी हातातला घास ताटात परत ठेवला. कित्येक वर्षं हा माणूस माझ्या दुकानासमोरच्या बाकावर बसत होता, आणि माझं घर दुकानाच्या मागेच आहे.

सगनाबाई वाढता वाढता म्हणाली की पुढच्या साली सप्ताह बसवा जी, मी कोन्या कागदाले हात लावत नाही. सर थोडा वेळ भात कालवत राहिले. मग खाली मान घालूनच बोलले. “काम एका तासाचं आहे बाई. मी सात दिवस लांबवतो. मायबाप येतात, बसतात, इचारतात, चहा पेतात. आठव्या दिवशी कोनी येत नाही. मंग खोलीत लय सुनं वाटते मले.”

रोशनीनं उठून त्यांच्या ताटात आणखी भात वाढला, न विचारता. सगनाबाई म्हणाली, “मंग बाकीच्या दिवशी इकडं या न. आमी का मेलो?”

निघताना सर दारात चप्पल घालत खूप वेळ घुटमळले. अंगठा पट्ट्यात जाईना. मग सगनाबाईकडे न बघता विचारलं, “काम नसलं तरी येऊ?”

“कामाले कोन बलावते जी तुमाले,” सगनाबाई म्हणाली. “जेवाले या.”

परत येताना थोड्या वेळानं आरशात मला दिसलं की त्यांनी चष्मा काढलाय आणि बाहीनं तोंड पुसताहेत. रस्ता सरळ होता, मागून कोणती गाडी येत नव्हती. मी आरसा बाहेरच्या बाजूला फिरवून टाकला.